दहा निरोगी माणसांचं रक्त

डॉ. हितेंद्र घाडीगावकर यांनी आयुष्याची एकोणीस वर्षं एका पेशीवर काढली. ही पेशी रक्तात असते. अंगात जंतू शिरला की कोण, कुठला अशी चौकशी न करता ती पहिली धावून जाते आणि दिवसभरात मरते. ही प्रतिकारशक्ती माणूस जन्मतःच घेऊन येतो, तिला काही शिकवावं लागत नाही. हितेंद्रला मात्र जर्मनीपर्यंत जाऊन शिकावं लागलं, तेव्हा कुठे परळच्या एका संस्थेत करारावरची नोकरी मिळाली. तीही मार्चअखेर संपणार होती.

नोकरी टिकायची तर शेवटचा प्रयोग व्हायला हवा, आणि त्याला हवं दहा निरोगी माणसांचं ताजं रक्त. एरवी विद्यार्थी देत. पण प्रतिकारशक्तीचा अख्खा विभाग नेमका तापाने आडवा झालेला. हितेंद्रने हे रडगाणं घोडपदेवच्या चाळीत आईपुढे गायलं आणि ते शेजारच्या तात्यांनी ऐकलं.

तात्या चाळीच्या कमिटीचे तहहयात अध्यक्ष. त्यांनी लगेच फळ्यावर लिहिलं, "आपल्या हितेंद्रास निरोगी रक्त हवे आहे. इच्छुकांनी नावे द्यावीत." अठ्ठावीस नावं आली. मग रीतसर मतदान झालं. पडलेला बंडू "म्हणजे मी रोगी काय?" म्हणत आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

सोमवारी विजयी दहा जण भांग पाडून संस्थेत हजर झाले. 'गेल्या महिन्यात काही औषध घेतलंत का?' या प्रश्नापुढे दहाही जणांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं.

हितेंद्रने पेशींपुढे जंतू सोडले. एकही पेशी हलली नाही. पुन्हा सोडले. जंतू मजेत हिंडले आणि पेशी ढिम्म.

संचालक जयकर मॅडम खुर्चीतून उठल्याच. "हितेंद्र, उपजत प्रतिकारच नसलेली वस्ती! जगात कुठे नाही!" आजाराला 'घोडपदेव लक्षण' असं नाव पडलं आणि तीन वर्षांच्या मुदतवाढीचे कागद तयार झाले. सही गुरुवारी होणार होती. प्रतिकारशक्ती नसलेली ही माणसं उघड्या गटाराशेजारी पन्नास पन्नास वर्षं कशी जगली, हे मॅडमनी विचारलं नाही. हितेंद्रनेही विचारलं नाही. त्याला नोकरी हवी होती, फार हवी होती.

बुधवारी चहा ओतताना आई म्हणाली, "तात्यांनी रविवारी दहाही जणांना सुई टोचवून आणली, तिचा गुण आला म्हणायचा."

हितेंद्र चहा टाकून तात्यांकडे धावला. "तात्या, औषध घेऊ नका सांगितलं होतं ना?"

"ता औषध न्हय रे, ताकदीची सुई ती! औषध आजारी माणूस घेता. आमका काय धाड भरली हा? चाळीचा रगात कमी पडता नये, म्हणान दिली."

सुई टोचणाऱ्या कोपऱ्यावरच्या कंपाउंडरने बाटली दाखवली. स्टेरॉइड होतं. त्या पेशींना गुंगी आणणारं.

रात्रभर हितेंद्र गप्प बसायचं ठरवत होता. सकाळी मॅडमपुढे उभा राहिला आणि सगळं सांगून बसला. मॅडमनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.

"शुक्रवारी सांगता आलं नसतं?" त्या म्हणाल्या.

सुईचा अंमल उतरायला महिना लागणार होता आणि मार्चचे उरले होते नऊ दिवस. पडलेल्या अठरा जणांनाही समजूत काढायला तात्यांनी तीच सुई टोचवली होती. कागद खणात गेले.

संध्याकाळी हितेंद्र टेबल आवरून, एकोणीस वर्षांचं सामान एका खोक्यात घालून घरी आला. जिन्यात तात्या आणि दहाही जण वाट बघत उभे होते. हितेंद्रला तात्यांचा राग आला होता, चांगलाच आला होता. पण त्यांचे चेहरे बघून तो पार विरघळला.

"काय रे झीला, पास झाला मा आमचा रगात?"

"पहिल्या नंबराने," हितेंद्र म्हणाला.

तात्यांनी त्याच्या हातातलं खोकं स्वतःकडे घेतलं, वजनाचा अंदाज घेतला आणि खूश होऊन विचारलं, "बक्षीस?"

हितेंद्र म्हणाला, "हो."