अकरा सत्तेचाळीसचा मुहूर्त

दोन पत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, वाचल्या, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. मुलीकडची पत्रिका म्हणत होती, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी. मुलाकडची म्हणत होती, सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांनी. हॉल एकच, वार एकच, शुक्रवार. नवरा-नवरीही तेच. लग्नाला नऊ दिवस राहिले होते आणि दोन्हीकडच्या पत्रिका गावभर वाटून झाल्या होत्या.

मी डोंबिवलीत लग्नांचं कोऑर्डिनेशन करते. फुलं डेकोरेटर लावतो, जेवण केटरर करतो, मंत्र गुरुजी म्हणतात. यातल्या कोणाचा पाय कोणाच्या पायात अडकू नये, हे बघायचं काम माझं. त्या दिवशी पत्रिका काढल्या होत्या त्या फक्त दारावरच्या बोर्डासाठी. नवरीचं नाव 'केतकी' की 'केतकि', एवढंच डेकोरेटरला कळवायचं होतं. वेळ तपासायचं माझ्या मनातही नव्हतं. मुहूर्त कोणी चुकीचा छापतं का?

आपल्याकडे दोन्ही घरं आपापली पत्रिका छापतात. आपला कुलस्वामी, आपले आजी-आजोबा, आपला 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. प्रेसही वेगळी. त्यामुळे दोन्ही पत्रिका एकत्र बघणारं माणूस बहुतेक लग्नांत कोणीच नसतं. हे मलाही त्या दिवशीच लक्षात आलं.

मी आधी नवऱ्याला, निखिलला फोन लावला. तो कोपरला राहतो, आयटीत आहे.

"अरे, तुमच्या पत्रिकेत अकरा सत्तेचाळीस कुठून आलं?"

"मॅटर बाबांनी दिलेलं, मॅडम. का, काय झालं?"

"काही नाही. बघते."

इथे मी थांबायला हवं होतं. निखिलच्या वडिलांना गाठून शांतपणे विचारायला हवं होतं. पण मला नसत्या चौकशांची खोड आहे. सत्तेचाळीसच का? पंचेचाळीस का नाही? दोन पंचांगांत फरक असेल का? मी थेट गुरुजींना फोन केला. गुरुजी मुलीकडचे. मुहूर्त त्यांनीच काढला होता आणि दोन्ही घरांनी तो बैठकीत मान्य केला होता.

"अकरा सत्तेचाळीस?" गुरुजी म्हणाले. "अहो, शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो. त्यात कोण लग्न लावेल?"

झालं. संध्याकाळपर्यंत ही बातमी वर्तकनगरला नवरीच्या वडिलांकडे पोहोचली. चूक छापणाऱ्याची होती, पण ती चव्हाट्यावर आणली मी. हे आधीच कबूल करून टाकते.

केतकीचे वडील, सामंत काका, एका कॉलेजच्या परीक्षा विभागातून रिटायर झालेले. आयुष्यभर वेळेवर पेपर वाटले आणि वेळेवर काढून घेतले. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज अगदी थंड होता.

"राहुकाळाचं सोडा. मी तितका मानत नाही. पण बैठकीत बारा एकतीसला हो म्हणायचं आणि पत्रिकेत दुसरंच छापायचं? ही चूक नाही, मॅडम. सत्तेचाळीस हा आकडा चुकून पडत नाही. तो विचार करून लिहिलेला आहे."

त्यांचं म्हणणं मला नाकारता येईना. मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी माझ्या ऑफिसात आली. ही मुलगी एरवी मेनूतल्या पनीरवरून माझ्याशी अर्धा तास वाद घालणारी. त्या दिवशी खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

"बाबा म्हणतात, पुन्हा बैठक घ्या. म्हणतात, जे लोक मुहूर्त खोटा सांगतात ते उद्या तुला काय काय खोटं सांगतील? मी निखिलला विचारलं तर तो म्हणतो, मला माहीतच नाही. आता मी कोणाचं ऐकू? लग्न मोडेल का हो?"

"नाही मोडणार," मी म्हटलं. खरं तर मला खात्री नव्हती. याहून फालतू कारणांवरून मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. एक तर नवरदेवाच्या बुटांवरून मोडलं होतं.

ती गेल्यावर मी ड्रॉवरमधल्या जुन्या पत्रिका काढून बसले. प्रत्येक लग्नाची एक पत्रिका मी ठेवते. माझ्या जुन्या रनशीटही असतात. रनशीट म्हणजे लग्नाच्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा तक्ता: हार कधी, नवरी खोलीतून कधी निघणार, पंगत कधी. पत्रिकेतली वेळ आणि रनशीटमधली वेळ जुळवत गेले. आणि काय सांगू, न जुळणाऱ्या बऱ्याच निघाल्या! कुठे वीस मिनिटांचा फरक, कुठे अर्ध्या तासाचा. इतकी वर्षं माझ्या नाकाखाली लोक मुहूर्त अलीकडे ओढून छापत होते आणि मला पत्ता नव्हता. फक्त त्या लग्नांत दोन्हीकडच्यांनी मिळून एकच खोटी वेळ छापली असणार. इथे एकट्यानेच छापली, म्हणून उघडं पडलं.

मग मी दोन्ही वडिलांना माझ्या ऑफिसात बोलावलं. पोरांना मुद्दाम बोलावलं नाही.

निखिलचे वडील, शेलार काका, एमआयडीसीतल्या कंपनीत फोरमन होते. धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसले होते. सामंत काका समोर, हातात दोन्ही पत्रिका. नमस्कार झाले, चहा आला, चहा गार झाला.

शेवटी मीच विचारलं, "काका, सत्तेचाळीस का?"

शेलार काका पत्रिकेकडे बघत म्हणाले, "पावणेबारा लिहिलं ना, की लोकांना वाटतं यानं आपल्या मनानं टाकलंय. सत्तेचाळीस लिहिलं की पंचांगातून आल्यासारखं वाटतं."

मला हसू आलं. ते दाबायला मी पाण्याचा ग्लास उचलला. सामंत काका हसले नाहीत.

"म्हणजे तुम्ही ठरवून खोटं छापलंत."

"हो साहेब. आपली माणसं वेळेवर येत नाहीत. पाऊण तास आधीचं छापलं की बरोबर मुहूर्ताला येतात. सगळेच करतात."

"मी नाही करत."

"तुमची माणसं वेळेवर येत असतील."

आता भांडण होणार, हे मला दिसत होतं. पण मला राहून राहून एक वाटत होतं. एवढा पंचांगासारखा आकडा शोधणारा माणूस, केवळ 'लोक उशिरा येतात' म्हणून इतका खटाटोप करेल? उशिरा आलेले लोक जेवून जातात, कोणाचं काही अडत नाही.

"काका," मी म्हटलं, "कोण उशिरा आलं होतं?"

त्यांनी गार झालेला कप बाजूला सारला. मग म्हणाले, "अण्णा. माझा मोठा भाऊ. कल्याणपलीकडं मोहन्याला राह्यचा, तिथल्या कारखान्यात होता. वडील लवकर गेले, त्यानंच मला शिकवलं. माझ्या पोरीचं लग्न ठाण्यात होतं. मुहूर्त साडेअकराचा. मी पत्रिकेत खरी वेळ छापलेली. अण्णा दहाला निघालेला घरातनं. रिक्षातनं उतरला तेव्हा आत टाळ्या वाजत होत्या. माझ्या पोरीवर त्याची अक्षता पडली नाही हो. पुढच्या वर्षी गेलाच तो." आणि मग थोडं चिडूनच म्हणाले, "म्हणून छापलं. वाटलं, या वेळी कोणाचं चुकायला नको. तुम्हाला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. लाज वाटली."

सामंत काकांनी पत्रिका खाली ठेवल्या. आता ते काहीतरी समजुतीचं बोलतील असं मला वाटलं. पण ते बोलले ते भलतंच.

"दहाला निघाले, म्हणजे दीड तास हातात होता. मोहने ते ठाणे. कमी धरला त्यांनी."

"हो. पण त्याला कोण सांगणार?" शेलार काका म्हणाले.

"आपण. आपणच सांगायचं असतं." सामंत काका माझ्याकडे वळले. "आमच्या हॉल तिकिटावर दोन वेळा असायच्या. पेपर अकराला, वर्गात हजर साडेदहाला. दोन्ही खऱ्या. मुलांना एक वेळ खोटी सांगायची आम्हाला कधी गरज पडली नाही. कागद द्या बघू."

त्यांनी तिथेच मेसेज लिहिला, दोन्हीकडच्या सगळ्या पाहुण्यांना पाठवायचा. पहिलं वाक्य होतं, 'मुलाकडील पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकीची छापली आहे.' त्यांनी ते वाचलं, खोडलं, आणि लिहिलं, 'दोन पत्रिकांत वेळ वेगवेगळी आहे, तरी कृपया खालीलप्रमाणे यावे. आगमन ११.३०, गरम नाश्ता तयार असेल. अक्षता १२.३१.' खाली दोघांची नावं. शेलार काकांनी तो कागद दोनदा वाचला आणि सामंत काकांचा हात हातात घेतला. सामंत काका अवघडले, पण हात त्यांनी काढून घेतला नाही.

केतकीला मी फोन केला तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "नाश्त्याला काय ठेवताय?" मी समजले, लग्न शाबूत आहे.

लग्नाच्या दिवशी मुलीकडचे अकरा पंचवीसला हजर. मुलाकडचे बाराच्या पुढेमागे येत गेले. सव्वाबाराला हॉल भरला. मुहूर्ताच्या पाव तास आधी भरलेला हॉल मी त्याआधी पाहिला नव्हता. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. बाहेर वऱ्हाड, आत उपमा, सगळं रनशीटप्रमाणे. अंतरपाट धरला, नवरी आली, मंगलाष्टकं सुरू झाली.

आणि स्टेजवर शेलार काका नाहीत.

मी धावत गेटवर गेले. ते रस्त्यावर उभे, फोन कानाला.

"काका, मुहूर्त!"

"वैनी आली नाही. अण्णाची बायको. पुतण्या घेऊन निघालाय, पत्रीपुलाला अडकलेला, आता टाटा पॉवरच्या पुढे आलाय म्हणतो."

माझ्या रनशीटमध्ये सनईवाल्याच्या चहाची वेळ होती. या बाईंचं नावसुद्धा नव्हतं. त्या दिवशी ऑफिसात अण्णांची एवढी गोष्ट ऐकून घेतली, पण त्यांच्या घरचं कोण येणार आहे, कुठून, कसं, हे मी, चौकशांची खोड असलेल्या बाईनं, विचारलं नव्हतं. शेलार काकांनीही मुहूर्ताची वेळ पुढे-मागे करण्यात सगळी अक्कल खर्च केली आणि एका गाडीची वेळ बघितली नाही.

मी परत स्टेजवर गेले आणि सामंत काकांच्या कानात सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. बारा सव्वीस. ते गुरुजींकडे वाकले.

"एकतीसच्या पुढे किती चालेल?"

"चार-पाच मिनिटं. त्याच्यापुढे मला विचारू नका."

"मग ती चार-पाच घ्या."

केतकीच्या मावशीने स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती. वेळ वाचवायला मी त्यातली दोनच म्हणायची असं ठरवून घेतलं होतं. सामंत काका तिला म्हणाले, "मालू, सगळी म्हण. सावकाश म्हण." मावशीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. सासर-माहेर, काका-काकू, शेजारी, एकेका कडव्यात एकेक माणूस येत गेलं. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटायला लागल्या. निखिल अंतरपाटाआडून माझ्याकडे बघत होता, मी दुसरीकडे बघत होते.

बारा चौतीसला शेलार काका दारातून आत आले, हाताला धरून एका बारीकशा, दम लागलेल्या बाईंना घेऊन. मधली माणसं बाजूला झाली. सामंत काका स्टेजच्या दोन पायऱ्या उतरले आणि आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता त्यांनी त्या बाईंच्या ओंजळीत घातल्या. गुरुजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं. अंतरपाट दूर झाला. वैनींनी अक्षता टाकल्या त्या इतक्या जोरात, की काही थेट फोटोग्राफरच्या लेन्सवर. शेलार काका उघडउघड रडत होते. माझेही डोळे भरून आले. ते कामाच्या वेळी भरून येऊ नयेत असा माझा नियम आहे.

जेवताना मी सामंत काकांना म्हटलं, "काका, तुमच्या मुलीचं लग्न चार मिनिटं लेट लागलं."

"चालतं," ते म्हणाले आणि जिलेबी वाढून घेतली. "उशिरा आलेल्या मुलालाही आम्ही पेपरला बसू द्यायचो. दार आपल्या हातात असतं, तेव्हा आधी बाहेर कोण आहे ते बघायचं असतं."

त्यानंतर मी माझा फॉर्म बदलला. लग्न ठरलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात ती हॉल, थीम, मेहंदीवाली यांची यादी घेऊन. दोन्ही पत्रिकांची प्रूफं छपाईआधी माझ्याकडे एकत्र हवीत, हे मी आता सांगतेच. पण त्याही आधी एक प्रश्न विचारते. किती माणसं येणार, हे नाही, ते केटरर विचारतोच. विचारते ते हे, की कोणाची अक्षता चुकली तर तुम्हाला जन्मभर लागून राहील? एकेकाने एकच नाव सांगा. मुलं एकमेकांकडे बघतात, हसतात, आणि मग नाव येतं. ते बहुतेक वेळा आई-बापाचं नसतं. नाव लिहून घेतलं की मी पुढचा रकाना भरून घेते: हे माणूस लग्नाच्या आदल्या रात्री कुठे झोपणार? उत्तर काहीही असलं तरी मी ते खोडते आणि लिहिते, हॉलपर्यंत चालत जाता येईल अशा ठिकाणी.