मणिपुरी ‘आणि’ची दुसरी वही

सिंगापुरात, हौगांगला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मणिपुरी नर्स राहते. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात असते. जहाजावरची नोकरी सोडून मी किनाऱ्यावर आलो, तेव्हा वेळ जाईना म्हणून तिच्याकडून तिची भाषा शिकू लागलो. मराठीत ‘आई आणि मी’ म्हणताना आपण दोघांच्या मध्ये एक ‘आणि’ उभा करतो. मणिपुरी बोलताना दोघांनाही तोच प्रत्यय लागतो : ‘इमागा ऐगा’. ‘अमसुंग’ असा सुटा ‘आणि’ही आहे, पण तो जास्त करून लिहिण्यात. ‘पण’ला ‘अदुबु’, ‘किंवा’ला ‘नत्रगा’. उदाहरणं ती आपल्या वारलेल्या आईच्या बोलण्यातली द्यायची, मी ती एका वहीत उतरवून घ्यायचो. हे कधी कुणापुढे मांडलंत तर आईचं नाव घ्या, एवढंच तिने मागितलं होतं.

मरीन परेडच्या काँडोत राहणारे, आमच्या मराठी मंडळींतले एक आयटी डायरेक्टर ती वही ‘नुसती चाळायला’ घेऊन गेले. महिन्याभराने त्यांचं व्याख्यान झालं : ‘मणिपुरीतील उभयान्वयी अव्यये : माझे संशोधन’. खांद्यावर शाल होती, ती त्यांनी घरूनच आणली होती. वाक्यं सगळी त्या आईची, नाव कुठेच नाही. नंतर नर्स त्यांना भेटायला गेली, तर हसून म्हणाले, “अरे वा, सिस्टर! आपको भी थोड़ी-बहुत मणिपुरी आती है?”

ती लिफ्टमध्ये रडली.

मी क्षमाशील माणूस नाही. चार महिन्यांनी त्यांचा फोन आला.

“काका, पुढचा भाग आहे का हो? लोक मागे लागलेत.”

“आहे की. घेऊन जा.”

नव्हता. दोन संध्याकाळी बसून आम्ही तो तयार केला. शेवटचं लांबलचक वाक्य नर्सने लिहिलं, त्याखाली खोटा मराठी अर्थ मी. ती इतकी हसली की वहीवर चहा सांडला. डाग राहू दिला. अभ्यास जुना वाटतो.

व्याख्यानात ते वाक्य त्यांनी डोळे मिटून, ठेक्यात म्हटलं. मग अर्थ : “आई आणि मावशी बाजारात गेल्या, पण मासे मिळाले नाहीत.” आणि पहिल्या रांगेकडे वळून, “सही है ना, सिस्टर?”

नर्स उभी राहिली. “नहीं सर. इसका मतलब है, मैं दूसरे की कॉपी ले आया और उस पर अपना नाम डाल दिया, पर मुझे इसका एक शब्द भी नहीं आता.”

कुणीतरी खोकलं. मागून एक बाई मोठ्याने हसल्या.

“ये वाक्य मेरा है. पहली कॉपी के सब मेरी माँ के थे.” तिने आईचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, दोनदा. मग अगदी गोड आवाजात : “आपको भी थोड़ी-बहुत आती है ना, सर?”

दोन्ही वह्या अजून त्यांच्याकडेच आहेत. मी मागणार नाही. कपाट उघडलं की दिसत असतील.