दिपिकाच्या कनेक्शनवर किशोरीची नजर

पळस्प्याला गोव्याचा रस्ता जिथे वळतो, तिथे मागच्या अंगाला एक मोठं गोदाम आहे. आमच्या गावच्या बुधाजी घरतांची किशोरी तिथला डेटाबेस सर्व्हर सांभाळते. बाप खाडीच्या बांधावर उभा राहून कोणतं पाणी मिठागरात घ्यायचं ते ठरवायचा. पोरगी पडद्यासमोर बसून जवळपास तेच करते. वजनकाटा, गेट, हिशेब, ज्याला मालाची माहिती हवी त्याच्या संगणकाला आधी सर्व्हरशी कनेक्शन जोडावं लागतं. कोण जोडलेलं आहे, कोण काम करतंय, कोण नुसतीच जागा अडवून बसलंय, हे किशोरीला नावानिशी दिसतं. रिकामं बसलेलं कनेक्शन ती तोडते. हे तिला कुणी शिकवलं नाही. बघून बघून ती शिकली, आणि त्याचा तिला अभिमान होता. असावाच.

मग तळोज्याच्या गोदामातून दिपिका इथे कामाला आली. हसून बोलणारी, आल्या आल्या सगळ्यांची झालेली. तिने गोदामाच्या मॅनेजर कीर्ती मॅडमना असा रिपोर्ट करून दिला, की एका नजरेत सगळ्या गोदामातला माल दिसावा.

"उलव्याच्या नव्या गोदामाला असंच माणूस हवं," मॅडम म्हणाल्या.

उलव्याचा सर्व्हर आपल्याच हाती येणार, असं किशोरी धरून चालली होती. त्या दुपारी तिने डबा उघडलाच नाही.

काट्यावर बसणारा भावेश तिच्याच गावचा. तो मुद्दाम म्हणाला, "किशोरी, ती पोर तुझी खुर्ची नेल गो!"

"कशी नेल? तिच्या रिपोर्टानं सर्व्हर अडतो, ते दाखवतेच मी. आमी काय हितं आज आलोय?"

आणि तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने सर्व्हरला सारखं विचारत राहायचं: दिपिका जोडलेली आहे का, काय करते, किती वेळ घेते? पडद्यावरची बाकीची नावं तिने काढून टाकली. राहिलं एकच नाव. ते ती दिवसभर बघायची, जसं कुणी शेजारच्या घरातला उजेड बघत बसावं.

घाईत एक राहून गेलं. प्रोग्रॅम दर वेळी विचारायला नवं कनेक्शन उघडत होता आणि जुनं बंद करत नव्हता. हीच चूक दुसऱ्याने केली, तर किशोरी त्याची भर ऑफिसात हजेरी घ्यायची.

बुधवारी दुपारी भावेशचा फोन आला. "काटा बंद परला! गाड्या पार नाक्यापर्यंत गेल्यात, ड्रायवर माझ्या नावानं बोंबलतान!"

सर्व्हरवरच्या कनेक्शनच्या सगळ्या जागा भरल्या होत्या, तो कुणालाच आत घेत नव्हता. अशा वेळेसाठी सांभाळणाऱ्याची एक जागा राखून ठेवलेली असते. तिथून किशोरी आत गेली आणि तिने सगळी नावं उघडली. ओळीखाली ओळ, तिचंच नाव. सगळी रिकामी बसलेली. तिने ती भराभर तोडली. काटा सुरू झाला, गाड्या हलल्या.

मॅडम दारात उभ्या. "कुणामुळे झालं?"

"दिपिकाच्या रिपोर्टामुळे," किशोरी म्हणाली.

दिपिकाचा चेहरा उतरला. "सॉरी मॅडम. लगेच बंद करते." तिने शंकासुद्धा घेतली नाही. रिपोर्ट बंद करून ती खुर्ची ओढत किशोरीजवळ आली. "ताई, माझं कुठे चुकलं, दाखवाल? परत नको व्हायला."

पडदा समोर उघडाच होता. किशोरीने कनेक्शनं तोडली होती, पण गडबडीत प्रोग्रॅम थांबवलाच नव्हता. दिपिकाचं नाव कुठेच नव्हतं. किशोरीचं मात्र एकाखाली एक वाढत होतं.

"ताई, हे तर तुमचं..." दिपिका थांबली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "राहू दे. मी नाही सांगत कुणाला."

ती ओरडली असती, तर बरं झालं असतं. आता मनाचा मोठेपणाही हिच्याकडेच जास्त! हिच्या उपकाराखाली रोज इथे बसायचं? ते तिला जमणारं नव्हतं. तिने प्रोग्रॅम बंद केला आणि तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मघाशी मी खोटं बोलले. सर्व्हर माझ्यामुळे अडला. तिच्यावर पाळत ठेवत होते मी."

"पाळत? कशाला गं?"

"माझं उलवं ती नेईल म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "आता तर तीच जाईल, किशोरी."

"जाऊ दे," किशोरी म्हणाली. "फक्त तिचं कौतुक माझ्या तोंडून करून घेऊ नका."