बिबड्यांच्या खाटेखालची रोपं

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सासूबाई धरणगावजवळच्या गावाहून जळगावला, आमच्या दोन खोल्यांत आल्या, त्या परत जायच्या बोलीवरच. होळी झाली की जाईन, हे त्यांनी पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. मला मात्र त्या राहायला हव्या होत्या. घरात भांडायला कोणीतरी हवं ना. नवऱ्याशी भांडण्यात राम नाही, तो लगेच कबूल होतो.

त्यांनी सोबत चिंधीत बांधून भरिताच्या वांग्यांचं बी आणलं होतं. गावी दिरांनी परसात गोठा वाढवला आणि वांग्यांची झाडं गेली. उरलं ते एवढंच बी. आमची बाल्कनी कूलर आणि धुण्यानेच भरलेली. म्हणून त्यांनी ते दुधाच्या पिशव्यांत पेरलं आणि पिशव्या स्वयंपाकाच्या ओट्यावर, खिडकीशी मांडल्या. बावीस रोपं चार-चार बोटं वर आली. रोज सकाळी सासूबाई आधी रोपांची विचारपूस करायच्या, मग माझी.

होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात. मी त्यावर भरवसा ठेवला. धुळवडीच्या सकाळी त्या जरा आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात मी सगळ्या पिशव्या गच्चीवर नेऊन उघड्या स्लॅबवर मांडल्या. थंडी पळाल्यावर तिच्या जागी कोण येतं, हे जळगावात जन्म काढूनही माझ्या डोक्यात आलं नाही. दुपारी बघते तर पानं पांढरी पडून लोळत होती. वाचली फक्त सहा.

मी जिन्यात बसून रडले. जिना चढायची मनाई असताना सासूबाई काठी टेकत, एकेक पायरी करत वर आल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सावलीत वाढलेल्याला उन्हाची ओळख हळूहळू करून द्यायची असते, एवढंच म्हणाल्या.

पण गच्चीवर जागा कुठली? आमच्याकडे धुळवड सरली की गच्ची बायकांची. खाटांवर साड्या अंथरून ज्वारीचे बिबडे, आमचे खानदेशी पापड, वाळत घातलेले, पाय ठेवायला जागा नाही. सासूबाईंनी खाटेवर बघितलंच नाही, खाटेखाली बघितलं. तिथली सावली रिकामी होती. शेजारणीशी त्यांनीच ठरवलं: आपण बिबड्यांवरचे कावळे हाकायचे, तिने खाटेखालची जागा द्यायची. पहिल्या दिवशी रोपं पार आत. मग रोज सकाळी वीतभर बाहेर, ऊन चढलं की परत आत. आठवडाभरात सहाही रोपांची पानं जाड, गडद झाली, आणि सासूबाई काठी विसरून हिंडायला लागल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण चालायला लागल्या म्हणजे जाणार, हेच डोक्यात होतं.

रविवारी दीर गाडी घेऊन न्यायला आले. त्या खाली येईनात, तेव्हा तेच वर आले. सासूबाई खाटेच्या कडेशी बसून एक पिशवी उन्हात सरकवत होत्या. त्यांनी वर न बघताच सांगितलं,

"तू जाय. मन्हं आठे काम शे."

इथे काम असल्याचं हे मीच शिकवलंय, अशा नजरेने दीर माझ्याकडे बघायला लागले. मी खाली मान घालून बिबडे उलटत राहिले. डोळे भरले होते, पण टिपूस सांडून चालणार नव्हतं, बिबडे शेजारणीचे होते.