आभाळाला आलेलं पुरळ

मी कॅमेऱ्याची लेन्स काढली आणि आत तोंडाने जोरात फुंकर मारली. धूळ गेली असं समजून लगेच मेहुणीच्या मुलीचे, रसिकाचे, स्थळांसाठी फोटो काढले आणि त्यातला माझ्या मते सर्वोत्तम फोटो पुण्याच्या एका स्थळाला पाठवूनही दिला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन, "मुलीच्या गालावर तो डाग कसला?" मेहुणीने डोळ्यांना पदर लावला आणि मी मायलेकींना घेऊन तारनाक्याला मामांकडे निघालो.

हे माझ्या बायकोचे मामा. डागाच्या बाबतीत यांना फसवणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत अजून जन्मायचाय. शहरातल्या कोठी भागात त्यांचा त्वचारोगांचा दवाखाना होता. तो बंद झाला, पण तपासायची खोड गेली नाही. कातडी मिळेना म्हणून मामांनी फोटो धरले. कुणीही डागाळलेला फोटो आणावा, मामा चष्मा कपाळावर चढवून आधी विचारणार, "कधीपासून आहे? पसरतोय? जागा बदलतो?" शेजारच्या एक बाई आरतीच्या फोटोत तेजाचे गोल उमटले म्हणून पेढे घेऊन आल्या होत्या. मामांनी आधी पेढा खाल्ला. मग म्हणाले, "फ्लॅश मारला होता ना? हवेतली धूळ चमकलीय. घर झाडा." बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. पेढा मात्र चांगला होता, असं मामा सांगतात.

रसिकाच्या चेहऱ्याकडे तर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सगळे फोटो मागितले. मुलगी कुठे बसलेली, कुठे उभी. डाग मात्र प्रत्येक फोटोत उजवीकडे वर, त्याच जागी. कुठे पडद्यावर, कुठे भिंतीवर. गालावर तो एकाच फोटोत आला होता, आणि नेमका तोच मी निवडला होता. "मुलगी हलते, डाग हलत नाही. म्हणजे पेशंट कॅमेरा," असं म्हणत मामा माझा कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले, लपलेले ठिपकेही दिसावेत म्हणून लेन्सचं छिद्र बारीकात बारीक केलं आणि कोऱ्या आभाळाचा फोटो काढला. निरभ्र आभाळाला अंगभर पुरळ!

"फुंकलात?"

"हळूच."

निदान पक्कं झालं की मामांच्या तोंडी दवाखान्यातली दखनी येते. "धूल नक्को बोलो मियाँ, ये आपका थूकिच है!"

मेहुणी म्हणाली, "मामा, तुम्ही डॉक्टर. मुलीला काही नाही असं लिहूनच द्या ना त्यांना."

"चांगल्या मुलीला सर्टिफिकेट कशाला? कॅमेऱ्याचं देतो." त्यांनी आभाळाचा फोटो पुण्याला पाठवून फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "असं होय! मग काही हरकत नाही."

मेहुणी हसली. मामांनी मात्र कपाळावरचा चष्मा उतरवला. म्हणाले, "कोठीत अशा मुली यायच्या. त्यांचे डाग खरे असायचे. त्यांच्यासाठी मी आभाळ कुठून आणायचं होतं?"

रसिकाने तिथल्या तिथे मुलालाच फोन लावला. "डाग खरा असता तर?"

तो म्हणाला, "आईला विचारून सांगतो."

"नको सांगूस," म्हणून तिने फोन ठेवला. मेहुणीने पुन्हा पदर शोधला. मामांनी रसिकाच्या डोक्यावर हात ठेवला. मला राहवेना. मी म्हणालो, "म्हणजे एका परीने माझा उपयोगच झाला."

मामा वळले. "जावईबापू, यापुढे कार्याला फक्त जेवायला येत जा."