थिओला ब्रॅस्वेलचा प्रतिग्रह

दात्याच्या नावाची शिळा बसते. त्याच्या नावाने घाट, धर्मशाळा, इस्पितळे उभी राहतात. घेणाऱ्याचे स्तोत्र मात्र कोणी रचीत नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी दानाच्या शेजारीच प्रतिग्रह हा शब्द ठेवला, आणि तो ठेवताना सावध केले की घेणे हे देण्याहून अवघड कर्म आहे, घेणाऱ्याचे तेज त्यात खर्ची पडते. विचार करावा तसे हे अधिकाधिक खरे वाटू लागते. समोरच्याने पुढे केलेली वस्तू केवढ्या मोलाची आहे, हे पुष्कळदा त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. ते ओळखावे, त्याला ओशाळे होऊ न देता ती वस्तू उचलावी, आणि अशा रीतीने उचलावी की देणाराच मोठा होऊन घरी परतावा, ही विद्या फार थोड्यांच्या हाती असते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील टॅबिथा कॉलेजच्या थिओला ब्रॅस्वेलच्या हाती ती होती. जन्मभरात एकाच उंबरठ्यावर तिचा हात वेळेवर पुढे झाला नाही, आणि तो उंबरठा तिच्या सख्ख्या बहिणीचा होता.

टॅबिथा हे अटलांटातले काळ्या मुलींचे कॉलेज. थिओला तिथेच शिकली, तिथेच चित्रकला शिकवू लागली, आणि पुढे ग्रंथालयाच्या तळघरातल्या दोन ओलसर खोल्या तिच्या स्वाधीन करण्यात आल्या. त्या खोल्यांत कॉलेजचे संग्रहालय व्हावे, अशी अध्यक्षीणबाईंची इच्छा होती. कोणाची चित्रे, हे थिओलाने ठरवले.

"फक्त आपल्या बायकांची?" अध्यक्षीणबाईंनी विचारले. "मग भिंती भरायच्या कधी?"

"आपल्या पुरुषांना मोठ्या संग्रहालयांत मागच्या दारानं का होईना, आत घेतात," थिओला म्हणाली. "आपल्या बायकांना मागचं दारसुद्धा नाही, बाई. आपल्याकडे तरी पुढचं असू दे."

मग कॉलेजची जुनी लांबोळकी गाडी घेऊन ती वणवण फिरू लागली. ज्या स्त्रियांनी पॅरिसपर्यंत जाऊन शिल्पविद्या शिकून घेतली होती आणि परतल्यावर दुसऱ्यांची धुणी धुतली होती, त्यांची कामे तिला पलंगाखाली, कोंबड्यांच्या खुराड्यात, चर्चच्या माळ्यावर सापडत. मेकनच्या अल्व्हर्निया स्टब्ज या वृद्धेकडे ती गेली, तेव्हा काळ्या अक्रोडाच्या लाकडात कोरलेले एका मुलीचे मस्तक स्वयंपाकघराच्या दाराला अडकण म्हणून लावलेले होते.

थिओला ते पाहून थबकली. पुढ्यात आलेली रताळ्याची 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली गोड पोळी, तिने चवीने खाल्ली, आणखी मागून घेतली, आणि मग म्हणाली, "मिस अल्व्हर्निया, ही मुलगी आमच्याकडे राहायला येईल का हो?"

"ती? अगं, ती दार धरते!"

"आम्हालाही दारच धरायचंय."

म्हातारी खदखदून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "पन्नास वर्षांत पाव्हण्यांनी हिला ठेचाच मारल्या. नाव विचारणारी तू पहिली."

"मी कुठं विचारलं अजून?"

"विचारशील. तुझ्या तोंडावर दिसतंय."

"राहायला येईल का" हा थिओलाचा ठरलेला प्रश्न. 'द्या' असे ती कधी म्हणाली नाही. काम दालनात लागले की त्या स्त्रीला ती स्वतः आणायला जाई, रविवारच्या टोपीसकट गाडीत बसवी, आणि तिच्या कामासमोर खुर्ची मांडून तिला एकटी सोडून बाहेर उभी राही. आत कोणी रडे, कोणी गाई, कोणी नुसते बसून राही. थिओलाने कधी कोणाला घाई केली नाही.

तिची थोरली बहीण मोझेल ही ओगीची नदीच्या काठी शायलोत, आईबापांच्या लाकडी घरात राहत असे. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा दोघींपैकी एकीला घरी राहणे भाग होते. मोझेल म्हणाली, "मी राहते. हिला पुस्तकं समजतात, मला चूल समजते." एवढ्या एका वाक्यावर थिओलाचे सारे आयुष्य उभे राहिले. मोझेल शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली, आईला भरवू लागली, आणि आई गेल्यावर जी पोकळी झाली त्या पोकळीत एके दिवशी तिने पुढच्या खोलीच्या फळ्यांना चुना दिला आणि त्यावर चित्रे काढायला सुरुवात केली.

रंग म्हणजे चुलीची काजळी, नदीकाठची तांबडी माती आणि धुण्याची नीळ; सगळे ताकात कालवलेले. धुणी बडवणाऱ्या बायका, नदीत बाप्तिस्म्याला उतरलेली पांढऱ्या वस्त्रांतली रांग, इस्त्री करणारी आई. आणि दारालगतच्या फळीवर, हातात पेटी घेऊन रस्त्याने चाललेली एक पाठमोरी मुलगी. ती कोण, हे मोझेलने सांगितले नाही आणि थिओलाने विचारले नाही.

थिओलाची नजर जाणती होती. हे काय आहे, ते तिला पहिल्याच दिवशी कळले. तळघरातल्या त्या दोन खोल्यांत इतके थोर असे काही आलेले नव्हते. परंतु संग्रहालयाच्या आरंभीच्याच एका सभेत, थिओलाने गावाकडच्या एका चित्रकर्त्रीचा नुसता उल्लेख केला असता, डॉक्टर क्रेन्शॉंच्या पत्नी, ज्या विश्वस्त होत्या आणि ज्यांच्या हातमोज्यांना कधी सुरकुती पडत नसे, त्या गोड हसून म्हणाल्या होत्या, "मिस ब्रॅस्वेल, आज गाववाली, उद्या बहीण, परवा मावशी. संग्रहालय आहे की तुमच्या घरचा फोटोंचा आल्बम?"

सगळे हसले. थिओलाही हसली. पण ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखे रुतले. आपल्या हातावर कोणी बोट ठेवू नये, नाहीतर ज्या बायकांची कामे आपण आणली त्यांच्यावरही संशयाची सावली पडेल, असे तिने स्वतःला बजावले. हे कारण खरे होते. त्याच्या तळाशी दुसरेही एक होते: शिकलेल्या मंडळींसमोर ताकात कालवलेल्या निळीचा वास घेऊन उभे राहण्याची लाज. त्या कारणाकडे तिने पुष्कळ वर्षे पाहिले नाही.

महिन्यातून एकदा ती शायलोला जाई. मोझेल चिडवीत असे.

"काय गं बेब, या खेपेला कोणाच्या पलंगाखाली शिरली होतीस?"

"सवानातल्या मिस ऑर्लिनच्या. लाकडी ठशांची चित्रं आहेत त्यांच्याकडे. काय हात आहे, मोझ!"

"माझ्याही पलंगाखाली बघ हो जाता जाता. उंदीर आहेत, त्यांना राहायला ने."

"मोझ..."

"बरं बाई, गप्प बसते. भिंतीला पाय फुटले की पाठवीन तिला. तिकीट काढून देशील ना?"

दोघी हसत. ताटात मक्याचा ब्रेड पडे, बोलणे पावसापाण्याकडे वळे. थिओला निघाली की मोझेल दारात उभी राही, तेव्हा तिच्या उजव्या खांद्यामागे ती पाठमोरी मुलगी दिसे. थिओला मान वळवून गाडीकडे पाही.

वर्षे गेली. तळघरातून संग्रहालय वर उजेडात आले, त्याला स्वतंत्र इमारत मिळाली. क्रेन्शॉबाई कालवश झाल्या. निवृत्तीला एक वर्ष उरले, तेव्हा एका हिवाळी सभेत थिओला उभी राहिली. "शायलोला एक खोली आहे," ती म्हणाली. "ती माझ्या बहिणीने रंगवली आहे. माझे मत धरू नका. तुम्ही जाऊन पाहा."

समितीतली एक तरुण प्राध्यापिका जाऊन पाहून आली. परतल्यावर तिने थिओलाचे दोन्ही हात धरले. "मिस थिओला, इतकी वर्षं का थांबलात?"

फळ्या एकेक करून सोडवायच्या, सुतार न्यायचा, सगळी खोली जशीच्या तशी कॉलेजात उभी करायची, असे एकमताने ठरले. ईस्टर झाले की काम सुरू व्हायचे होते. थिओला ते सांगायला शायलोला गेली, आणि जो प्रश्न ती जगाला विचारत आली होती तो तिने शेवटी तिथे विचारला. "मोझ, ही खोली आमच्याकडे राहायला येईल का गं?"

मोझेल चुलीकडे तोंड करून उभी होती. डाव फिरवता फिरवताच ती म्हणाली, "मग मी कुठं बसू? अंगणात?"

"नव्या फळ्या लावून देऊ. पक्क्या."

"त्यांच्यावर काढू देशील का पुन्हा?"

"मोझ."

"नाही, विचारून घेतलेलं बरं. आता मोठी माणसं झालो आपण." मग ती वळली. निळीने डागळलेल्या अ‍ॅप्रनला हात पुसत म्हणाली, "आणि त्या खुर्चीवर बसवशील ना मला? समोर? टोपी घालून?"

"बसवीन."

"मग टोपी घ्यायला हवी एक."

परंतु ईस्टरच्या सुमारास सवानाच्या मिस ऑर्लिनने अंथरूण धरले. तिचे पहिले आणि शेवटचे प्रदर्शन ती डोळ्यांनी पाहू शकेल की नाही, असा प्रसंग आला. सुतार, गाडी, दालन, सगळे तिकडे लागले. थिओलाने फोन केला.

"अगं, आधी त्या म्हातारीचं बघ," मोझेल म्हणाली. "माझी भिंत कुठं पळत नाही."

मिस ऑर्लिनने प्रदर्शन पाहिले. खुर्चीवर बसून पाहिले. त्यानंतरच्या आठवड्यात मोझेल शाळेच्या स्वयंपाकघरात, उकळत्या भांड्यापाशी कोसळली आणि पुन्हा उठली नाही.

थिओला आधी अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे गेली. शवपेटी निवडली, बहिणीच्या अंगावर कोणता पोशाख घालायचा ते सांगितले, वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर दिला. यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती शायलोच्या घराशी उतरली, तेव्हा ओसरीवर गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या आणि आतून गाण्याचा आवाज येत होता.

मृत्यू झालेल्या घरी चर्चच्या बायकांनी जाऊन घर धुवायचे, ही तिथली रीत. लांबलांबून माणसे येणार, जेवणार. गेलेल्या बाईच्या घराला कोणी नाव ठेवू नये, म्हणून शेजारणी कंबर बांधून येतात. चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणत, आणि सिस्टर मोझेलवर न्यू शायलो चर्चच्या साऱ्या बायकांचा जीव होता. त्या सगळ्या आल्या होत्या. त्यांनी पडदे धुतले होते, चूल घासली होती, आणि पुढच्या खोलीच्या भिंती धुण्याच्या खाराच्या पाण्याने, गवती ब्रशांनी, कोपरान्‌कोपरा घासून त्यांवर पांढराशुभ्र चुना दिला होता. तो अजून ओला होता.

थिओला दारात उभी राहिली. तिने दारालगतच्या फळीवर तळवा टेकवला. तळवा पांढरा झाला.

"अगं अगं, हात लावू नकोस, पोरी, वाळायचंय अजून!" मदर लुव्हिनिया टार्व्हर पुढे आली. चर्चमधली ती सर्वांत वडीलधारी, म्हणून सगळ्यांची मदर. वय ऐंशीच्या पुढे, आणि हातात अजून ब्रश. "बघ, कसं लख्ख झालंय. सकाळपासून लागलोय आम्ही. त्या काजळीनं घाम काढला बघ."

कोणी एक म्हणाली, "मदर, मी म्हटलं होतं ना, सिस्टर थिओलाला विचारून घेऊ."

"काय विचारायचं त्यात?" म्हातारी म्हणाली. तिच्या स्वरात कुठेही डंख नव्हता. एखाद्या सरळ माणसाने सरळ हिशेब सांगावा तशी ती बोलत होती. "मलाही वाटलं क्षणभर, हे ठेवावं का. मोझेलचा हात होता तो. पण मग म्हटलं, आपली थिओला एवढी शिकलेली, सगळ्या जॉर्जियातल्या बायकांची चित्रं शोधून नेते, आणि इथं महिन्याच्या महिन्याला येऊन जेवून जाते. यात काही असतं, तर तिनं केव्हाच नेलं असतं. आम्हाला काय कळतं गं त्यातलं? आम्ही तुझ्याकडे बघून चालतो."

चुन्याचा थेंब जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. थिओलाचे ओठ हलले. समितीचा ठराव, सुतार, टोपी, हे सगळे जिभेच्या टोकाशी आले असावे. समोर त्या बायका उभ्या होत्या: खाराने सोललेल्या बोटांच्या, गुडघे दुखणाऱ्या, कामाचा एक दिवस बुडवून आलेल्या. जे हाती होते ते त्यांनी मृत मैत्रिणीच्या दारात आणून ठेवले होते, आणि ते आता थिओलाने घ्यावे म्हणून त्या तिच्याकडे पाहत होत्या.

थिओलाने मदर लुव्हिनियाच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि ते सोललेले हात आपल्या हातांत धरले.

"सुंदर केलंत, मदर," ती म्हणाली. "मोझला घर असं लखलखीतच आवडायचं. मला एकटीला कधी जमलं नसतं हे."

म्हातारीचा चेहरा उजळला. "बघा! मी सांगत होते ना? आता बैस. खाल्लंयस का काही? ताट आणा गं हिला."

ताट आले: तळलेली कोंबडी, कॉलर्डची पालेभाजी, पाउंड केक. त्या पांढऱ्या खोलीच्या मध्यभागी बसून थिओलाने सगळे संपवले आणि आणखी मागून घेतले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिने त्या प्रत्येक बाईचे नाव घेऊन आभार मानले. दफनानंतर एकटी परतल्यावर तिने ओल्या फडक्याने एका फळीवरचा चुना पुसून पाहिला. खाली नुसते लाकूड होते.

समितीला तिने एवढेच कळवले, की ती खोली आता मिळणार नाही. शायलोच्या बायकांपैकी कोणालाही, त्यांच्या मरणापर्यंत, खरी गोष्ट कळली नाही. निवृत्तीनंतरही थिओला गाडी घेऊन हिंडत राहिली, फरक एवढाच पडला, की आता कोणाच्याही घरी गेली की बसण्याआधी ती विचारी, "तुमच्या घरात अजून कोण काय करतं हो?" आणि तिथल्या तिथे, त्याच दिवशी, घेऊन जाई. असे करता करता एका वसंतात ती झोपेतच गेली.

टॅबिथा कॉलेजच्या त्या इमारतीत आज शेकडो काळ्या स्त्रियांची कामे आहेत. मुली वह्या घेऊन त्यांच्यासमोर बसतात. मोझेल ब्रॅस्वेलचे तिथे काहीही नाही.