जेलमध्ये मराठी कोणाला कळतंय!

चहा घ्या, आणि हसायचं असेल तेवढं सुरुवातीलाच हसून घ्या. माझ्या हातून एक असा गाढवपणा झालाय की तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, आणि सांगितल्यावर तुम्ही उद्यापासून माझ्याशी बोलाल की नाही, देव जाणे. पण सांगतो. आई आत झोपली आहे, तेवढ्यात उरकून टाकतो.

माझा धाकटा भाऊ प्रमोद. तुम्ही सगळे त्याला ओळखता. तो पुण्याला कंपनीत आहे, हेही तुम्हाला माहीत आहे. आहे ना? कोणी सांगितलं? मीच सांगितलं! तर तो पुण्याला नाही. तो इथेच आहे, जबलपुरात. आपल्या कॉलनीतून ऑटोनं वीस मिनिटं. जेलमध्ये.

हां, ठेवू नका कप. प्या.

इथून जवळच्या पाटनच्या मंडीत दोन वर्षांपूर्वी मटारच्या गाड्या लागल्या होत्या. कोणाची गाडी आधी खाली करायची यावरून बाचाबाची झाली. प्रमोदनं एकाला धक्का दिला. एकच धक्का! तो माणूस मागे पडला, डोकं दगडाच्या कडेवर आपटलं, तिसऱ्या दिवशी गेला. प्रमोदला पाच वर्षं लागली. आणि मी काय केलं? त्याची बदली पुण्याला करून टाकली. तुम्हाला तेच सांगितलं, फॅक्टरीत तेच सांगितलं, आणि ऐंशीच्या घरातल्या आईलासुद्धा तेच सांगितलं. खरं फक्त मला आणि माझ्या बायकोला माहीत.

तुम्ही म्हणाल, भेटायला तर जात असशील? कशाला जातो! भेटीची रांग रस्त्यावर लागते आणि त्याच रस्त्यानं आपल्या फॅक्टरीची अर्धी जनता घरी जाते. फोनची सोय आहे, पण घरचा नंबर आधी पोलीस ठाण्यातून तपासून जावा लागतो. म्हणजे शिपाई इथे येणार, फटफटी उभी करणार, आणि तुमच्यापैकीच कोणाला तरी माझं घर विचारणार! मी म्हटलं, नकोच ते. दोन वर्षांत एकदाही गेलो नाही. वकिलाच्या हाती एक स्वेटर तेवढं पाठवलं होतं.

मग यंदा प्रमोदचं पत्र आलं. हिंदीत, कारण तिथे आलेलं-गेलेलं प्रत्येक पत्र उघडून वाचतात. कोपऱ्यात 'जाँचा गया' असा निळा शिक्का. लिहिलं होतं की पॅरोलचा अर्ज केला आहे, पंधरा दिवस घरी यायला मिळेल, आईला डोळे भरून बघायचं आहे. फक्त घरच्यांनी 'आम्ही ठेवून घ्यायला तयार आहोत' अशी सही करायची आणि पोलीस घरी येऊन एकदा चौकशी करून जातील.

पोलीस! घरी!

लगेच कागद ओढला आणि उत्तर लिहायला बसलो. बायको म्हणाली, "हिंदीत लिहा हो. तिथे वाचतात ना ते?"

"म्हणूनच तर मराठीत लिहून राहिलो! वाचू दे ना त्यांना. जेलमध्ये मराठी कोणाला कळतंय?"

"सदर बाजारातल्या त्या कापडवाल्याला कळलं होतं."

आता आपली खोड तुम्हाला सांगायला नको. दुकानदारासमोर हिंदी, आणि मतलबाची गोष्ट आली की मराठी. चारचौघांत बसून कुजबुज न करता गुपित बोलायची सोय आहे ती आपली. त्या दिवशी मी हिला म्हटलं होतं, "हा लुटून राहिला, चल निघ," तर तो पठ्ठ्या म्हणाला, "बसा काका, कमी करतो." त्याची आजी अमरावतीची निघाली! पण एका कापडवाल्यापायी मी माझी मायबोली सोडू? मी, मराठी मंडळाचा सचिव?

तर लिहिलं. काय अक्षर होतं माझं, मोत्यासारखं! काय लिहिलं तेही सांगतो. आता काय लपवायचं.

'चि. प्रमोद यास अनेक आशीर्वाद. पॅरोलचा अर्ज ताबडतोब परत घे. पोलीस घरी आले तर चारचौघांत माझी शोभा होईल. तू पुण्याला आहेस असं सगळ्यांना सांगितलं आहे, ते तसंच राहू दे. आईला तुझी फारशी आठवण येत नाही, आली तरी विसरते. तुमचे जेलर म्हणजे खुर्चीत ठेवलेलं गव्हाचं पोतं, त्यांना यातलं काही कळायचं नाही.'

आई विसरते हे साफ खोटं. ती रोज दिवे लागले की विचारते, "प्रमोदचं जेवण झालं असंन काय?" रोज. मी पेपर तोंडासमोर धरतो.

तीन आठवडे उत्तर नाही. मला वाटलं, हट्टाला पेटला. मी दुसरं पत्र टाकलं. त्यात एकच ओळ जास्त होती. 'तू आलास तर मी दार उघडणार नाही.' मायबोलीत बरं का. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

आणि मग एके दिवशी फॅक्टरीत फोन वाजला. "जेल से बोल रहे हैं, कल्याण शाखा से." मी फोन घेऊन थेट संडासात. कैद्यांच्या कल्याणाचं काम बघणाऱ्या बाईचा आवाज होता. "आपकी चिट्ठियों के बारे में बात करनी है. कल आ सकते हैं?"

गव्हाचं पोतं! दुसरं काय? घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "घ्या. कळलं त्यांना मराठी."

दुसऱ्या दिवशी गेलो. हेल्मेट घालून रांगेत उभा राहिलो. स्कूटर लांब उभी केली होती, पण हेल्मेट डोक्यावरच! काच खाली! मे महिन्यात! दारावरचा शिपाई ओरडला, "ओ अंतरिक्ष यात्री, टोपा उतारो." सगळी रांग हसली. उतरवावं लागलं.

माझ्या मागे पनागरची एक बाई होती, हातात आंब्यांची पिशवी. "पहली बार आए हो भैया?"

"नहीं, मैं तो ऑफिस के काम से आया हूँ."

"अच्छा," ती म्हणाली. "शुरू-शुरू में हम भी ऑफिस के काम से आते थे."

आधार कार्ड दाखवलं, झडती झाली, मोबाइल जमा केला, हातावर शिक्का बसला. आतल्या ऑफिसात त्या फोनवाल्या मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. समोर फाइल, आणि फाइलमध्ये माझं मोत्यासारखं अक्षर.

मी बसायच्या आधीच सुरू झालो. "मैडम, गलती हो गई. साहब के लिए मेरे मन में बहुत आदर है. वो गेहूँ वाली बात तो…"

"कौन सा गेहूँ?"

मी पटकन खुर्चीत बसलो.

त्या हसल्या. म्हणाल्या, "घबराइए मत. नियम है कि जो भाषा हम नहीं समझते, वो चिट्ठी रुकी रहती है, जब तक कोई पढ़कर न बता दे. मराठी यहाँ किसको आती है? पूरी जेल में एक ही आदमी निकला. आपका भाई."

प्रमोद तिथे रायटर आहे म्हणे. म्हणजे ऑफिसात लिहायचं काम करणारा कैदी. सकाळी साक्षरतेचा वर्ग घेतो, दुपारी अर्ध्या बराकीची पत्रं वाचून दाखवतो आणि त्यांची उत्तरं लिहून देतो. त्या म्हणाल्या, एरवी कैद्याला आलेली चिट्ठी त्यालाच वाचून सांगायला देत नाहीत, पण दुसरं कोणी मिळेना, आणि त्याच्यावर त्यांचा भरवसा आहे. म्हणून माझी दोन्ही पत्रं त्यालाच वाचायला लावली. मोठ्यानं. या टेबलासमोर उभं करून. बाबू होता, दोन शिपाई होते, जेलर साहेबही होते. त्यानं एकेक ओळ वाचली आणि हिंदीत सांगितली.

मी डोळे मिटून घेतले हो. 'दार उघडणार नाही' हे त्यानं उभं राहून, सगळ्यांसमोर, कसं वाचलं असेल?

मॅडमनी चष्मा नाकावर आणला आणि प्रमोदनं केलेला हिंदी अनुवाद वाचायला घेतला.

"'प्रिय प्रमोद, पैरोल की अर्जी दी, बहुत अच्छा किया. पुलिस घर आएगी तो आने दो, चाय पिलाकर भेजेंगे. कॉलोनी में सब तुम्हारी राह देख रहे हैं. माँ रोज़ शाम को पूछती है, प्रमोद ने खाना खाया होगा क्या. जेलर साहब को मेरा प्रणाम कहना. तुम जब भी आओ, दरवाज़ा खुला मिलेगा.'"

मी मॅडमकडे बघत राहिलो. मला वाटलं, माझी चेष्टा चालली आहे. पण त्यांचा आवाज जड झाला होता! आणि आई रोज संध्याकाळी काय विचारते, ते मी त्याला कधीच कळवलं नव्हतं. आपली आई काय विचारत असेल हे त्याला तिथे बसून कळत होतं. मला शेजारच्या खोलीत राहून ऐकायचं नव्हतं.

"ऐसी चिट्ठी कहाँ आती है यहाँ," मॅडम म्हणाल्या. "ज़्यादातर घरवाले तो लिखना ही छोड़ देते हैं. मैंने क्लास में इसका इमला लिखवाया. घर चिट्ठी कैसे लिखें, सब इसी से सीख रहे हैं."

ऐकलंत? इमला म्हणजे श्रुतलेखन. माझं पत्र तिथे धडा झालाय! चोर, दरोडेखोर, सगळे पाटीवर गिरवून राहिले माझं प्रेम!

मग त्यांनी संमतीचा फॉर्म पुढे केला. "बस, यहाँ साइन कर दीजिए. पर पहले भाई से मिल लीजिए, दो साल हो गए."

भेटीच्या खोलीत मध्ये काच आणि दोन्हीकडे फोन. पलीकडे प्रमोद. पांढरे कपडे, केस बारीक, चाळीशीतच म्हातारा दिसायला लागलेला. त्याच्या शेजारी शिपाई. तिथला नियम असा, की शिपायाला कळेल अशाच भाषेत बोलायचं. आता आम्ही दोघे भाऊ जन्मात एकमेकांशी हिंदीत बोललो नव्हतो.

"कैसे हो?" मी म्हटलं.

"ठीक हूँ. आप कैसे हैं?"

आप! लहानपणी माझ्या ताटातलं पळवणारा माणूस मला आप म्हणून राहिला होता. माझ्यानं राहवलं नाही. मी मराठीवर आलो. "पम्या, काहून असं वाचलंस? काहून खोटं सांगितलंस?"

त्यानं शिपायाकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "मोठ्यानं वाचायला लावलं ना, दादा. सगळे उभे होते. तुझी इज्जत गेली असती."

तुम्हाला सांगतो, मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. कॉलनीची नाही, पोलिसांची नाही, माझी स्वतःची. मी काचेवर हात ठेवला आणि ओरडलोच, "घरी ये! मी सही करतो. पोलीस येऊ दे, बँड घेऊन येऊ दे! आई रोज विचारते रे तुला!"

शिपायानं दंडुका आपटला. "ए, क्या बोल रहा है? हिंदी में!"

मी तोंड उघडणार, तोच प्रमोद त्याच्याकडे वळला. शांतपणे म्हणाला, "कुछ नहीं साहब. भैया कह रहे हैं, पैरोल की अर्जी वापस ले लो."

आणि त्यानं फोन ठेवला. उठला, मला लांबूनच नमस्कार केला आणि आत निघून गेला. मी काचेवर थापा मारतोय, आणि इकडचा शिपाई मला मागे ओढून राहिलाय.

पुन्हा रांग, पुन्हा झडती, मग धावत मॅडमकडे आलो. "फॉर्म दीजिए, मैं साइन करता हूँ."

त्या गोंधळल्या. "पर सिपाही तो अभी बता गया, आपने ही मना किया. प्रमोद ने अर्जी वापस लेने का लिखकर भी दे दिया."

"मैडम, मैंने उल्टा कहा था! उसने गलत बताया!"

मॅडमनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या दोन मराठी पत्रांकडे पाहिलं. त्यांनी ती उचलली, उलटून पालटून बघितली.

"गलत बताया?" त्या सावकाश म्हणाल्या. "तो फिर ये चिट्ठियाँ भी गलत बताई होंगी. किसी और मराठी वाले को बुलवाकर पढ़वा लूँ?"

टेबलाशी बाबू होता, दोन शिपाई होते, आणि दारात स्वतः जेलर साहेब उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते, कौतुकानं.

खोटा अनुवाद केला म्हणून प्रमोदचं रायटरचं काम जाईल, म्हणून मी गप्प बसलो, असं मी घरी बायकोला सांगितलं. तुम्हाला काय सांगू? तुम्ही मला ओळखता.

मी फॉर्म परत सरकवला आणि म्हटलं, "नहीं मैडम, नहीं. मेरा भाई बहुत सही अनुवाद करता है."